घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि मधे इतिहासाचा तास

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळांत इतिहासाचा तास बऱ्याच मुलांसाठी दुसऱ्या भाषेतला तास असतो. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-हिंदी-मराठीची सरमिसळ, आणि पुस्तकात एकदम ‘जहागीर’, ‘तह’, ‘मोहीम’. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे तेलुगूच्या जागी कन्नड असते. मराठी घरातलं मूल इंग्रजी शाळेत गेलं की त्याचीही तीच गत होते, फक्त भाषा बदलतात.

गणितात मूल अडलं तर समोर आकडा असतो. विज्ञानात रोप, पाणी, चुंबक हातात देता येतं. इतिहासात माणसं गेलेली, काळ सरलेला. जे काही घडतं ते भाषेतच घडतं. त्यामुळे दुसऱ्या भाषेत शिकायला हा सगळ्यांत अवघड विषय. मूल अडलं की आपण धडा कापून सोपा करतो: चार सनावळ्या, पाच रिकाम्या जागा, ‘कोण कोणास म्हणाले’. माझं ठाम मत आहे की इतिहास कापू नये. त्यातली भाषा कुठे अडवते ते हुडकून तेवढीच उघडी करून शिकवावी. पुढचं सगळं त्याबद्दल, तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी.

परक्या भाषेत अख्खा विषय शिकवण्याचा मोठा प्रयोग १९६५ मध्ये कॅनडात सेंट लॅम्बर्ट इथे फ्रेंचमधून सुरू झाला. त्याच धर्तीवर १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत इंग्रजी बोलणाऱ्या बालवाडीच्या मुलांना स्पॅनिशमधून शिकवायला सुरुवात झाली. अशा वर्गांतून एक गोष्ट पुढे आली: मुलांना ऐकलेलं-वाचलेलं छान समजायला लागतं, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण वर्षानुवर्षं कच्चं राहतं. कॅनडातल्या मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावर मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, मुलांना त्या भाषेत स्वतः रचून बोलायला-लिहायला लावावं लागतं. आपल्या इतिहासाच्या तासाला बोलतं कोण? बहुतेक वेळ शिक्षकच.

एक फरक मात्र विसरायचा नाही. कल्व्हर सिटीतल्या मुलाची इंग्रजी कुठे जाणार नव्हती. तिच्यावर स्पॅनिश वाढीव मिळत होती. सोलापूरच्या साखर पेठेतल्या मुलाची तेलुगू मात्र शाळेच्या दारातच राहते. म्हणून तिथल्या पद्धती घ्याव्यात, पण ‘वर्गात घरची भाषा बंद’ हा नियम घेऊ नये.

धड्याआधी शब्द वेचताना

धडा वाचताना तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. पहिल्या रंगाने वस्तूंचे शब्द: बुरूज, खंदक, तोफ, पालखी. दुसऱ्याने न दिसणारे: तह, कर, जहागीर, सत्ता. तिसऱ्याने जोडणारे: त्याआधी, तरीही, म्हणून, -मुळे, दरम्यान. एका धड्याला नवे सहाच शब्द शिकवायचे, प्रत्येक रंगातले दोन. सहाच्या पुढे गेलं की दुसऱ्या दिवशी त्यातले दोनही शिल्लक राहत नाहीत.

वस्तूंचे शब्द चित्राने भागतात, आणि खंदक तर भुईकोटापाशी जाऊन बघताच येतो. न दिसणाऱ्या शब्दांना व्याख्या देऊ नका, कृती द्या. ‘तह’ शिकवायला पुरंदरचा तह घ्या. पस्तीस चिंचोके म्हणजे पस्तीस किल्ले. १६६५ मध्ये मिर्झाराजांशी तह झाला तेव्हा तेवीस किल्ले मोगलांना दिले, बारा राहिले. मुलांनी हाताने तेवीस चिंचोके पलीकडे सरकवायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचं: ‘तहात हा किल्ला दिला.’ मग विचारायचं: का दिले? लढाई चालूच ठेवली असती तर काय झालं असतं? चिंचोके हलवताना मुलांना ‘तह’ म्हणजे हरणंही नाही आणि जिंकणंही नाही हे कळतं. व्याख्या पाठ केलेलं मूल ‘तह म्हणजे समझोता’ म्हणतं आणि समझोता म्हणजे काय विचारलं की गप्प होतं.

तिसऱ्या रंगाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ असतात, त्यात ‘तरीही’ कधी नसतं. पण ‘सैन्य थोडं होतं, तरीही किल्ला लढवला’ या वाक्यातला सगळा इतिहास ‘तरीही’त आहे.

भिंतीवर शब्द लावताना सुटा शब्द लावू नका. तो तह, ती लढाई, ते राज्य, तो कर, ती तोफ, ते सैन्य असं लिंगासकट लावा आणि तीन रंगांत लावा. तेलुगू-कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना मराठीसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, त्यामुळे ‘मोठा लढाई झाला’ ही चूक हमखास येते. स्पॅनिश वर्गातही भिंतीवर नुसतं ‘गेर्रा’ न लिहिता ‘ला गेर्रा’ लिहितात, म्हणजे लढाई स्त्रीलिंगी आहे हे शब्दासोबतच डोक्यात जातं. शब्द धड्यानुसार बदलत राहा. वर्षभर तोच तक्ता लटकत राहिला की मुलांना तो दिसेनासा होतो.

भूतकाळ एक नसतो

इतिहासाची भाषा म्हणजे भूतकाळ, आणि मराठीत भूतकाळ निदान तीन-चार तऱ्हांनी येतो. ‘किल्ला बांधला’, ‘किल्ला बांधत होते’, ‘किल्ला आधीच बांधला होता’. चौथी तऱ्हा पुस्तकी: ‘मावळे डोंगरात राहत, शेती करीत’, ‘तो रोज दरबारात जाई’. हे ‘राहत’, ‘करीत’, ‘जाई’ मुलांच्या कानावर कधीच पडलेलं नसतं. मराठी घरातली मुलंही ‘राहायचे’, ‘जायचा’ असं म्हणतात. मुलं वाचून पुढे जातात आणि नेहमीची रीत व एकदाच घडलेली घटना यांतला फरक सुटून जातो. धडा वाचताना अशा क्रियापदांखाली रेघ मारायला लावा आणि तोंडी बदलून घ्या: ‘करीत म्हणजे करायचे.’ पाच मिनिटांचं काम आहे. स्पॅनिशमध्येही नेमकी हीच अडचण: ‘बिबिएरोन’ आणि ‘बिबियान’ दोन्ही ‘राहिले’च, पण पहिलं उरकलेलं, दुसरं चालत आलेलं. तिथले शिक्षक गोष्टीची पार्श्वभूमी दुसऱ्या रूपात आणि घटना पहिल्या रूपात, अशा दोन पट्ट्या फळ्यावर करतात. आपणही फळ्याचे दोन भाग करावेत: डावीकडे ‘तेव्हा असं असायचं’, उजवीकडे ‘मग असं घडलं’.

दुसरी ठरलेली चूक ‘ने/नी’ची. ‘महाराज किल्ला घेतले.’ तेलुगूत आणि कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, म्हणून मूल मराठीतही तसंच करतं. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. मूल बोलत असताना तोडू नका, तोडलं की पुढचा विचार संपला. त्याचंच वाक्य नीट करून परत द्या आणि लगेच प्रश्न जोडा: ‘हो, महाराजांनी किल्ला घेतला. कोणता?’ उत्तरात मूल बहुधा ‘महाराजांनी’ म्हणतं. वही तपासताना एका वेळी एकच प्रकारची चूक धरा, या आठवड्यात फक्त ‘नी’, पुढच्या आठवड्यात लिंग. सगळ्या चुकांवर लाल शाई आली की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं.

सव्वापाच मीटर दोरी

साल हे सगळ्यांत फसवं. एक तर आकडा वाचण्यातच गोंधळ. ‘सोळाशे चौऱ्याहत्तर’ मराठीत ऐकून लिहिणं चौथीच्या तेलुगू मुलाला जड जातं, कारण एकवीस ते नव्व्याण्णवची मराठी नावं एकेक पाठ करावी लागतात. (इंग्रजी घरातली मुलं स्पॅनिशमध्ये वेगळ्याच जागी अडतात: तिथे १६३० ‘सोळाशे तीस’ असं न म्हणता ‘हजार सहाशे तीस’ असं म्हणावं लागतं.) इतिहासाच्या तासाला त्यामुळे साल नेहमी बोलताना लिहावंही, नुसतं उच्चारू नये. शतकाचा घोळ वेगळा: १६३० हे सतराव्या शतकात येतं हे नऊ वर्षांच्या मुलाला पटत नाही. पाचवीपर्यंत शतक बाजूला ठेवा, साल वापरा.

काळाची लांबी डोळ्याला दिसण्यासाठी दोरी करा. दोन वर्षांना एक सेंटिमीटर. इसवी सन १००० पासून आजपर्यंत साधारण ५१३ सेंटिमीटर होतात, म्हणजे सव्वापाच मीटर दोरी वर्गाच्या लांब भिंतीवर मावते. एका सेंटिमीटरला एक वर्ष धरलं तर दहा मीटरच्या वर जाते आणि कोपऱ्यात वळवावी लागते. वळवली की मुलांना तिथे काळही वळल्यासारखा वाटतो. सोलापुरात कुणाच्या तरी घरी ताण्याचं सूत मिळतंच, पण एकेरी सूत ताणतं आणि गुंततं, म्हणून चार पदरी वळून घ्या किंवा सरळ सुतळी घ्या. गाठी मारू नका, प्रत्येक गाठीने दोरी आखडते आणि मापं चुकतात. दर पंचवीस सेंटिमीटरला, म्हणजे पन्नास वर्षांना, रंगीत दोरा गुंडाळा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावा.

नऊ सेंटिमीटरवर १०१८: हत्तरसंग-कुडलचा शिलालेख. ३१५ वर १६३०, शिवाजी महाराजांचा जन्म; ३३७ वर राज्याभिषेक, ४०९ वर १८१८, पेशवाईचा शेवट; ४६५ वर १९३०, ४७३.५ वर स्वातंत्र्य. कार्डं मुलांनीच मोजून लावायची. सुरुवात मात्र उजव्या टोकाकडून: स्वतःचा जन्म, आईचा, आजीचा. आजीचं कार्ड साधारण तीस-पस्तीस सेंटिमीटर मागे लागतं आणि महाराजांचं कार्ड तिथून दीड मीटर लांब. आजी आणि शिवाजी महाराज एकाच ‘पूर्वी’त राहत होते असं मनात धरलेल्या मुलाचं समाधान या दोरीनेच होतं, बोलून होत नाही. १०१८ ते १६३० या तीन मीटरच्या रिकामेपणाबद्दल मुलं विचारतातच. तिथे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, चौदाव्या शतकात बहमनी काळात उभा राहिलेला भुईकोट, आणि सोलापूर आंदण म्हणून मिळण्यावरून निजामशाही-आदिलशाहीत झालेली भांडणं, चांदबीबीच्या लग्नापर्यंत, असं हळूहळू भरत जा.

शिलालेखाबद्दल थोडं. भीमा-सीनेच्या संगमावरचा हा लेख शके ९४० चा, म्हणजे शकात ७८ मिळवून १०१८. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. त्यातल्या मराठी ओळीचा आशय असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. वर्गात छायाचित्र मोठं छापून न्या आणि ‘काय दिसतं, काय वाटतं, काय विचारावंसं वाटतं’ या तीन प्रश्नांनी सुरुवात करा. कुठल्याच मुलाला तो वाचता येत नाही, मराठी घरातल्यांनाही नाही. त्यामुळे भाषेत कुणी पुढे कुणी मागे राहत नाही. असा साधनांवरचा तास वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावा.

एक धडा पूर्ण: १९३० चं सोलापूर

चार हुतात्म्यांचा चौक मुलं येता-जाता बघतात, म्हणून हा विषय स्थानिक इतिहासात जरूर घ्या. पस्तीस मिनिटांच्या तीन तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेत फक्त क्रम. सहा कार्डं: दांडीला मीठ उचललं (६ एप्रिल १९३०), गांधीजींना अटक (५ मे), सोलापुरात हरताळ आणि गिरण्या बंद, पोलिसांचा गोळीबार (८ मे), मार्शल लॉ (१२ मे), चौघांना येरवड्यात फाशी (१२ जानेवारी १९३१). कार्डावर एकच वाक्य आणि एक चित्र. तुम्ही सलग आठ मिनिटं गोष्ट सांगा, हळू, हातवाऱ्यांसह, वाक्यं छोटी. मग चार-चारच्या गटात कार्डं लावायला द्या. गटात कुठलीही भाषा चालेल. कार्डं लावण्यात विचार व्हायला हवा. शेवटी प्रत्येक गटाने क्रम मराठीत सांगायचा: आधी, मग, त्यानंतर, शेवटी.

दुसऱ्या तासिकेत कारण. इथे मुलांचा सगळा इतिहास ‘आणि मग, आणि मग’ होतो. चौकटी फळ्यावर द्या: ‘___मुळे ___ झालं’, ‘___, म्हणून ___’, ‘___, तरीही ___’. तेलुगू मुलांना ‘-मुळे’ लवकर जमतं, कारण त्यांच्याकडे ‘वल्ल’ असंच शब्दामागे लागतं. म्हणून सुरुवात त्यानेच करा. ‘म्हणून’ला हमखास उलटापालट होते: ‘हरताळ झाला म्हणून गांधीजींना अटक झाली.’ अशा वेळी व्याकरण समजावू नका. दोन कार्डं जमिनीवर ठेवा, मधे बाण ठेवा आणि विचारा: आधी काय झालं? मूल बाण स्वतः फिरवतं आणि वाक्यही. आणखी एक चूक इतिहासाचीच आहे: आधी घडलं ते प्रत्येक कारणच असं मुलं धरतात. दांडीमुळे थेट सोलापुरात गोळीबार झाला का, हा प्रश्न जरूर टाका. मधल्या पायऱ्या मुलांकडून काढून घ्या.

तिसऱ्या तासिकेत माणसं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं फळ्यावर लिहा आणि मुलांना नुसती मोठ्याने वाचू द्या. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या समाजांतली ही नावं आपल्याच गल्लीतल्यांसारखी आहेत हे वर्ग स्वतःहून म्हणतो. फाशीबद्दल एकच सरळ वाक्य सांगा, न लपवता आणि न रंगवता. गोळीबाराचं किंवा फाशीचं नाट्य कधीही करू नका. नऊ वर्षांची मुलं त्यात हसतात किंवा घाबरतात, आणि दोन्हींनंतर वर्ग सावरत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने तीन वाक्यं लिहावीत, त्यात एक चौकटीतलं. कमी मराठी येणाऱ्याला वाक्याची सुरुवात लिहून द्या, चांगली येणाऱ्याला फक्त जोडशब्द.

घरच्या भाषेला तीन जागा

शिक्षकाला तेलुगू येत असेल तर मोह होतो की प्रत्येक मराठी वाक्यामागे तेलुगू वाक्य ठेवावं. हे टाळा. भाषांतर येणारच आहे हे कळलं की मुलं मराठी ऐकणंच थांबवतात. घरच्या भाषेला ठरलेल्या जागा द्या: धड्याआधी दोन मिनिटं चित्र बघून जोडीत बोलणं, मधे गटकाम, आणि शेवटी ‘आज काय कळलं ते शेजाऱ्याला सांग’. शिक्षकाला तेलुगू-कन्नड येत नसेल तरी हे तिन्ही चालतं. ई-बालभारतीवर वेगवेगळ्या माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. तेलुगू किंवा कन्नड पुस्तकातला तोच धडा घरी वाचून दाखवायला पालकांना पाठवता येतो.

काही ठिकाणी तर घरची भाषाच साधन आहे. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. तो तास कन्नड घरातल्या मुलाचा आहे. एक ओळ त्याने वाचावी, अर्थ सांगावा, बाकीच्यांनी मराठीत लिहावा. तसंच गिरण्यांचा इतिहास पूर्व भागातल्या आजी-आजोबांकडे तेलुगूत आहे. मुलांना तीन प्रश्न देऊन घरी पाठवा, पण प्रश्न नीट निवडा. ‘गिरणी कधी सुरू झाली?’ याला आजी ‘माहीत नाही’ म्हणते आणि मुलाखत तिथेच संपते. त्यापेक्षा: गावाहून सोलापूरला कोणाबरोबर आलात? पहिल्यांदा कुठे राहिलात? माग, गिरणी की विडी, काम कोणी शिकवलं? उत्तरं तेलुगूत ऐकायची, हवी तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची, वर्गात मराठीत सांगायची. सांगताना मुलं अडतात ती कामाच्या शब्दांवर. ते शब्द तेलुगूच राहू द्या, शेजारी चित्र काढायला लावा. कुणाचे आजोबा नसतात, कुणाला घरातलं सांगायचं नसतं. त्यांना शेजारच्या काकूंना विचारण्याची मुभा आधीच द्या. आलेली उत्तरं दोरीवर उजव्या टोकापाशी लावा.

गुण देताना

इतिहास आणि मराठी यांचे गुण एकत्र मोजले की मराठी कच्चं असलेलं मूल इतिहासात नापास ठरतं. दहा गुणांचा प्रश्न असेल तर मी सहा इतिहासाला आणि चार भाषेला ठेवावेत असं सुचवेन, आणि इतिहासाचे सहा गुण बोट दाखवून, कार्डं लावून, चित्र काढूनही मिळायला हवेत. कार्डं बरोबर, बाण बरोबर, वाक्य मोडकं: सहापैकी सहा. उलट, पुस्तकातलं सुंदर वाक्य जसंच्या तसं लिहून ‘म्हणजे काय?’ला उत्तर नसेल, तर भाषेचे गुण मिळतील, इतिहासाचे नाही. हा फरक पालकांना पहिल्याच सभेत सांगून ठेवा, नाहीतर चुकीच्या वाक्याला पूर्ण गुण कसे, हा प्रश्न सहामाहीला येतो.

तीच सहा कार्डं महिन्याने पुन्हा काढा, यावेळी साल झाकून. क्रम आठवतो पण ‘-मुळे’ गेलं असेल तर पुढच्या धड्याच्या सहा शब्दांत तेच परत घ्यायचं.